सोन्याच्या गावांतल्या रंगीत काचा: कारागिरी की नुसतं जोडकाम?

बोरूबहाद्दर
ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट, बेंडिगोला जाऊन आलेले लोक चर्चच्या खिडक्यांचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'वसाहतीतली अस्सल कला'. मला पटत नाही. १८५१ मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं आणि दहा वर्षांत वस्ती ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. तंबूंच्या जागी दगडी चर्चं आली, आणि प्रत्येक पंथाला शेजारच्यापेक्षा भारी खिडकी हवी झाली. ही कामं घेणाऱ्यांत आघाडीवर फर्ग्युसन अँड युरी ही कंपनी. त्यांनी १८५३ मध्ये नॉर्थ मेलबर्नला दुकान काढलं ते प्लंबिंगचं आणि छपरांचं! रंगीत काच इंग्लंडहून यायची. आणि मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचं मानाचं काम निघालं तेव्हा ते लंडनच्या क्लेटन अँड बेल या काचकारखान्याकडे गेलं. मग इथल्यांचं राहिलं काय?

शिसंपट्टी
त्या काळी प्लंबर म्हणजे शिशाचा कारागीर. छपराचं शिसं घालणारा माणूस खिडकीत काचेचे तुकडे धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांना परका नव्हता. आणि काच बाहेरून आली म्हणून काम बाहेरचं होत नाही. सोनार सोनं खाणीतून स्वतः काढतो का? तुकडा कापायचा, चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या रंगवून भट्टीत पक्क्या करायच्या, पिवळ्यासाठी चांदीचा लेप द्यायचा, पट्ट्यांत बसवून सांधे झाळायचे, मग फटींत लांबी (पुट्टी) भरायची. यातलं 'जोडकाम' नेमकं कुठलं?

शिवाय लंडनची खिडकी यायची जहाजातून, महिनोन्‌महिने. मोजमाप चुकलं की बोंबला. मेलबर्नच्या कारखान्याचा माणूस चौकटीवर साचा धरून जाऊ शकत होता.

बोरूबहाद्दर
सोयीचं मान्य. पण सोय म्हणजे कला नव्हे. चित्रं काढणारा माणूस तरी इथला होता का? फर्ग्युसन-युरींचा जॉन लँब लायन ग्लासगोचा, काम केलं लंडनला, १८६१ च्या सुमारास इथे आला.

माहेर गिरगाव
मग काय, सोनं शोधणारे तरी इथलेच होते का? सगळेच उपरे. (मूळ रहिवाशांना कोण विचारतंय, तो वेगळा धागा होईल.) तुलना हवी तर आपल्या मुंबईशी करा. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या खिडक्या विल्यम वेल्सच्या, थेट न्यूकॅसलहून. मेलबर्नने मात्र सोन्याच्या पैशावर स्वतःचे कारखाने उभे केले. १८६२ मध्ये याच फर्ग्युसन-युरींनी नाटकवाल्या जॉर्ज कॉपिनसाठी शेक्सपिअरची खिडकी केली. ती आज स्टेट लायब्ररीत आहे. चर्च नाही, संत नाही, आणि गिऱ्हाईक कोण, तर नाटक कंपनीचा मालक!

बोरूबहाद्दर
हे एक उदाहरण चांगलं आहे. बाकी ठिकाणी वेलबुट्टी आणि भूमितीच दिसते.

शिसंपट्टी
कारण गिऱ्हाईक! गावोगावच्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळींना देवळात मूर्तीसारखं चित्र खपत नव्हतं. फिक्या काचेवर पानं-फुलं, कडेला लाल-निळी पट्टी, एवढ्यावर ते खूश. त्यात पैसेही वाचायचे. फर्ग्युसन आणि युरी दोघेही स्कॉटिश, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नसणार. कारागिराचं कसब या साध्या खिडक्यांत बघा. चित्राच्या खिडकीत डोळा चेहऱ्यावर अडकतो आणि शिशाची रेष कोण पाहतो?

हिशेबनीस
दोघंही पैशाचं विसरताय. १८९३ मध्ये बँका बुडाल्या, बांधकामं थंडावली, आणि १८९९ मध्ये फर्ग्युसन अँड युरी बंद पडली. स्वतःच्या पायावर उभी कला असती तर टिकली असती. हा भरभराटीचा धंदा होता, बोरूबहाद्दरांचं तेवढं खरं.

माहेर गिरगाव
एक कंपनी बंद पडली म्हणजे कला संपली? म्युनिकला काम केलेला विल्यम माँटगोमेरी १८८६ मध्येच मेलबर्नला आला होता, आणि तो कंपनी बंद पडल्यावरही खिडक्या करत राहिला. लायन तर १८७३ लाच सिडनीला जाऊन डॅनियल कॉटियर या ग्लासगोच्याच काचकारागिराबरोबर भागीदारीत बसला होता.

बोरूबहाद्दर
म्हणजे पुन्हा ग्लासगो आणि म्युनिक. माझा मुद्दा तुम्हीच मांडताय.

शिसंपट्टी
पुढच्या वेळी बॅलरॅटला गेलात की चर्चच्या बाहेर उभं राहून फोटो काढू नका, आत जाऊन दुपारी शिशाच्या रेषा बघा. मग बोलू.