‘ग्राही’ आणि ‘पॉझिटिव्ह’: एका अहवालातले दोन शब्द

प्रश्न (देवगड): पाळी जाऊन आठ वर्षे झालेल्या माझ्या आत्याला अंगावरून पुन्हा जाऊ लागले आणि तपासणीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात ‘इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह’ असे वाचून घरात रडारड झाली, कारण ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट, एवढेच आम्हाला करोनापासून ठाऊक. तिला हे मराठीत कसे सांगावे? शिवाय डॉक्टर म्हणाले तो ‘प्रॉग्नोस्टिक मार्कर’ म्हणजे काय?

उत्तर (रत्नागिरी): इथला ‘पॉझिटिव्ह’ रोगाविषयी नसून पेशीतल्या एका प्रथिनाविषयी आहे, हे आत्यांना आधी सांगा. रक्तातून आलेले संप्रेरक (हार्मोन; इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही अशीच) पेशीत ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, ते ‘ग्राही’, म्हणजेच अहवालातला ‘रिसेप्टर’. गाठीचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यावर ही चाचणी केली, की ग्राही असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात आणि बाकीची निळी राहतात. निरोगी अस्तरात हे ग्राही असतातच; म्हणून ते टिकून असले, तर कर्करोगाची पेशी अजून मूळ पेशीच्या वळणावर आहे असे समजतात, आणि अशा रुग्णांची पुढची वाटचाल सर्वसाधारणपणे अधिक चांगली असते. ते हरवले असतील, तर रोग आक्रमक असण्याचा संभव वाढतो. त्यामुळे मी ‘पॉझिटिव्ह’ऐवजी ‘ग्राही आढळले’ असेच लिहीन.

‘प्रॉग्नोस्टिक मार्कर’ म्हणजे रोगाची पुढची वाटचाल कशी राहील याचा अंदाज देणारी खूण. ‘प्रॉग्नोस्टिक’साठी ‘भविष्यसूचक’ मला पटत नाही, कारण त्यात ज्योतिषाचा वास येतो. आयुर्वेदातली ‘साध्यासाध्यता’ अर्थाने जवळची असली, तरी साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य (बरा न होणारा पण काबूत राहणारा), असाध्य हा वैद्याचा अखेरचा निर्णय असतो, आणि मार्कर ही त्या निर्णयामागची केवळ एक खूण. मोहोर चांगला धरला म्हणून आंबा हाती आला, असे देवगडात कोणी धरून चालत नाही. तसेच डॉक्टर रोगाची पायरी (स्टेज), पेशींची प्रत (ग्रेड) आणि पेशींची वाढ आवरणारे पी५३ प्रथिन हेही पाहतात. म्हणून ‘फलानुमानदर्शक’. कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी खूण मात्र वेगळी, तिला ‘उपचारसूचक’ म्हणावे. प्रोजेस्टेरॉनचे ग्राही दोन्ही कामे करतात, कारण ते असतील तर त्या जातीच्या औषधांना गाठ दाद देण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्नकर्ती: ‘ग्राही आढळले’ असे मोठ्या अक्षरांत लिहून दिले. आत्याने विचारले, ग्राही म्हणजे गिऱ्हाईक का?

उत्तर: त्यांचा कान बरोबर आहे. दोन्हींचा धातू एकच, ‘ग्रह्’, म्हणजे घेणे.