नवे चेरी श्रिंप पटापट मरताहेत, मदत हवी आहे

शनिवारी १० लाल चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली शोभेची छोटी कोळंबी) आणले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवली आणि थेट सोडले. थेंब थेंब पाणी मिसळत बसायचा धीर नव्हता, चूक कबूल. रविवारी ३ गेले, आज सकाळी आणखी ४. दोघांच्या मानेशी पांढरी कडी दिसली, कात टाकताना अडकले असतील का?

टाकी ४० लिटरची, दोन महिने जुनी, गप्पी मासे मजेत. पाण्यातले विषारी अमोनिया, नायट्राइट शून्य. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६२०. पिशवीतल्या उरलेल्या पाण्याचा मात्र १८०! की मागे गप्पींना दिलेल्या औषधातलं तांबं भोवलं? बाटलीवर घटकच छापलेले नाहीत.

उरलेले ३ जावा मॉस या पाणवनस्पतीत दडलेत. हळूहळू आरओचं पाणी मिसळू, की आता हातच लावू नको?