मदत हवी आहे: १९९४ची कॉन्टेसा, एसीत आर-१२ आहे की आर-१३४ए, कसं ओळखू?

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९४ची कॉन्टेसा आहे, सोलापूरला. बाबांना अजूनही लांबच्या प्रवासाला हीच गाडी लागते, आणि इथल्या मे महिन्यात एसीशिवाय त्यांना बसवायची माझी हिंमत होत नाही. सध्या एसी सुरू केला की कंप्रेसरचा क्लच टक् करून लागतो आणि दोन-तीन सेकंदांत सुटतो. गॅस कमी झालाय हे उघड आहे. कंडेन्सरच्या एका सांध्यावर तेलाचा डाग आहे, त्यावर धूळ बसून काळं किटण झालंय. साबणाचं पाणी लावलं तर तिथेच बारीक बुडबुडे आले. त्यामुळे गळती सापडली आहे, ती काढून घेईन.

अडलंय ते गॅसवर: आत जुन्या गाड्यांतला आर-१२ आहे की त्याच्या जागी आलेला आर-१३४ए (पुढे नुसतं १३४), हे कळत नाही. बॉनेटखालचं, गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं स्टिकर पार पांढरं पडलंय. बारीक पाइपवर आर-१२ चं जुनं आट्यांचं तोंड आहे, पण जाड पाइपवर त्याच आट्यांवर १३४ चा अडॅप्टर बसवलेला आहे. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी जुना गॅस न काढता वरून १३४ भरला असावा, अशी मला धास्ती आहे.

इथल्या मेकॅनिकने इंजिन बंद असताना गेज लावलं, काटा नव्वद पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास आला. "१३४च आहे, टॉपअप करू" म्हणाला. मी थांबवलं. ३० अंशाला आर-१२ चा दाब साधारण ९३ पीएसआय आणि १३४ चा ९७, एवढ्याशा फरकावर गॅस कसा ठरवणार? शिवाय आत थोडा जरी द्रव गॅस उरला असेल तरी दाब तेवढाच दिसतो, त्यामुळे किती उरलाय हेही कळत नाही. एलपीजीची भेसळ असेल तर आगीची भीती वेगळीच.

तर सोलापूर किंवा पुण्यात गॅस ओळखायचं मशीन, म्हणजे आयडेंटिफायर, कुणाकडे आहे का? आणि आतला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणारं कुणी? आर-१२ ओझोनला मारक आहे, २०१०पासून आपल्याकडेही तो बंद झालाय. तो माझ्या हातून तरी हवेत जाऊ नये असं मनापासून वाटतं.

पुढे १३४ वरच जायचं ठरवलंय. ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) आणि ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी रिंगा) नव्या घालीन, आतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम निदान पाऊण तास. तेलाचं मात्र नक्की सांगा. आर-१२ बरोबरचं जुनं मिनरल तेल (कंप्रेसरचं वंगण) १३४ मध्ये मिसळत नाही, कंप्रेसरकडे परत येत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. कंप्रेसर उतरवून तेल ओतून काढलं तरी थोडं आत राहणारच, मग १३४ला चालणाऱ्या तेलांत पीएजीपेक्षा एस्टर तेल बरं ना?

शेवटचं, गॅसचं वजन. आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्के १३४ भरतात हे माहीत आहे, पण स्टिकरच गेल्याने मूळ आकडा नाही. कुणाच्या कॉन्टेसाचं स्टिकर वाचता येत असेल तर कृपया फोटो टाका.