बीजेडी बाहुला पुरुष वाटतच नाही, काय काय बदलू? (६० सेंमी, रेझिन)

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. साधारण ६० सेंमीचा बॉल-जॉइंटेड बाहुला (बीजेडी, म्हणजे सांध्यांत गोळे असलेला) आहे, पांढरट रेझिन, कंपनीने ‘बॉय’ म्हणूनच विकलेला. फेसअप, म्हणजे चेहऱ्याचं रंगकाम, कंपनीचाच: गुलाबी ओठ, गालावर लाली, लांब पापण्या. डोळे काचेचे, निळे, १६ मिमी. विग खांद्यापर्यंत. शर्ट-पँट चढवली तरी बघणारा ‘हिचं नाव काय?’ असंच विचारतो. आधी कशाला हात घालावा? घासकाम, पुट्टी लागेलच का? आणि ठाण्यात पावसाळ्यात स्प्रे मारता येतो का? नवीन डोकं शक्यतो घ्यायचं नाही.

राखाडी_पेस्टल:
पुट्टी आणि वॉटर पेपर सध्या कपाटात राहू द्या. जे परत फिरवता येतं ते आधी करायचं: डोळे, पापण्या, विग. निम्मं काम तिथेच होतं.

एक लक्षात घ्या, बाहुला बिघडलेला नाही. जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी ही बाहुली आणली तेव्हापासून या छंदात नाजूक, सुंदर मुलाचा जपानी साचा रूढ आहे, आणि बहुतेक ‘बॉय’ चेहरे त्याच वळणाचे असतात. पुढे डॉलशी, आयपलहाउस या कोरियन कंपन्यांनी रुंद खांद्याचे, प्रौढ पुरुष काढले. तुमच्याकडे पहिल्या घराण्यातला आहे, म्हणून तो ओढून दुसऱ्याकडे न्यावा लागेल.

डोळे: १६ काढून १४ लावा, आणि घेताना ‘लहान बुबुळ’ असं बघून घ्या. मिमीचा आकडा अख्ख्या डोळ्याचा असतो, बुबुळाचा नव्हे, त्यामुळे दोन १४ मिमी डोळ्यांत बुबुळ वेगवेगळं निघतं. मोठं बुबुळ म्हणजे लहान मूल किंवा मुलगी, हे बघणाऱ्याच्या मनात आपोआप होतं. १२ वर उतरायचा मोह होईल, पण डोळ्याची खाच मोठी असेल तर कोपऱ्यात फट दिसते, बाजूने तर हमखास. तशी फट दिसली तर १४ वरच थांबा. रंग गडद तपकिरी किंवा राखाडी.

बसवणं जास्त महत्त्वाचं. वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा भाग चांगला झाकला पाहिजे, साधारण चौथा हिस्सा. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की बाहुला दचकलेला वाटतो. डोळे बसवायच्या मऊ पुट्टीची (वरची कडक होणारी नव्हे) बारीक वळी करून डोळ्याच्या कडेने लावा, आतून बोटाने दाबत समोरून बघत राहा. नजर सरळ किंवा किंचित खाली.

पापण्यांचे केस आतून चिकटवलेले असतात. डोळे काढल्यावर कोमट पाण्याने गोंद मऊ करून चिमट्याने सोलून घ्या. पण नुसती उघडी कड टकली दिसते. तिथे गडद तपकिरी रंगाची बारीक रेघ पापणीच्या जाडीवरच द्या, बाहेर त्वचेवर नको. बाहेर आली की काजळ झालं. खालच्या पापणीचे रेखलेले केस असतील तर ते पुसायचेच.

विग ८-९ इंची, आखूड. बसवताना नेहमीपेक्षा ४-५ मिमी मागे, म्हणजे कपाळ आणि कानशिलं उघडी पडतात. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत आणा. सिंथेटिक विग उभा राहत असेल तर ओला करून, हवा तसा विंचरून, पट्टीने बांधून कडकडीत गरम पाणी ओता आणि बांधलेलाच वाळू द्या. उष्णता सोसणारा धागा असेल तरच हं. आणि विग डोक्यावरून काढून, हे सांगायला नको.

एवढं झालं की मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा. ओठ आणि डोळे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जितके गडद, तितका चेहरा बाईचा वाटतो. रंगीत फोटोत हे कळत नाही.

कोकणातला_बाहुला:
+१. काळ्या-पांढऱ्या फोटोची युक्ती भारी आहे. फेसअपचंही लिहा ना सविस्तर.

राखाडी_पेस्टल:
लिहिते. आधी कंपनीचा फेसअप पुसून टाकायला तुमची हरकत आहे का ते बघा. काही कंपन्यांचा मूळ फेसअप असेल तर पुढे विकताना किंमत चांगली येते. विकायचा नसेल तर पुढे वाचा.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन फेसअपवर मिनिटभर ठेवा, मग गोल गोल न घासता एका दिशेने पुसा. ॲसिटोन नको, रेझिनचा पृष्ठभाग खराब होतो. नाकपुड्या आणि ओठांच्या फटीत बड्स. मग भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

आता सीलर, म्हणजे रंग धरून ठेवणारा स्प्रे. मिस्टर सुपर क्लिअर, मॅट, यूव्ही कट असलेला. २५-३० सेंमीवरून दोन हलके हात, मध्ये वीस-तीस मिनिटं. पहिला हात जेमतेम दिसला पाहिजे. सगळं एका दमात मारलं की थेंब जमतो किंवा दाणे उठतात. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा रेस्पिरेटर हवाच. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाहीत.

रंगाला सॉफ्ट पेस्टल, म्हणजे सुके. शाळेतले ऑइल पेस्टल चालत नाहीत, ते कधी सुकत नाहीत आणि वरचा सीलर सुटतो. कटरने खरवडून भुकटी करायची, मऊ ब्रशने लावायची.

कुठे लावायचं, यातच सगळी मेख आहे. गालाच्या गोळ्यावर काहीही नाही. गालाच्या हाडाखाली, कानापासून तोंडाकडे निम्म्यापर्यंत, राखाडी-तपकिरी. नाकाच्या दोन्ही बाजूंनी भुवईपासून खाली. भुवई आणि पापणीच्या मधला खळगा. जबड्याच्या खालच्या कडेने, म्हणजे मानेवर सावली पडल्यासारखं. ओठांना मातकट-बदामी, त्वचेपेक्षा एकच छटा गडद. ओठांची बाहेरची कड रेखायची नाही, फक्त मधली फट गडद तपकिरीने. चमक अजिबात नको. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ओलेपणासाठी ग्लॉसचा एक ठिपका पुरे.

भुवया: बाहुल्यात भुवई नेहमी फार वर काढतात. तुम्ही खाली आणा, हाडाच्या कडेवरच, आणि जवळजवळ सरळ. कमान बाहेरच्या टोकाला फक्त किंचित. आधी पेस्टलने पट्टा, मग सीलर, मग टोकदार वॉटरकलर पेन्सिलीने एकेक केस. नाकाकडचे केस जवळपास उभे, पुढे तिरपे, शेपटीला वरचे खाली आणि खालचे वर येऊन मिळतात. तीन छटा घ्या, एकाच काळ्याने काढलेली भुवई शिक्का मारल्यासारखी दिसते. दोन्हींची उंची नाकापासून दुभाजकाने (कंपासपेटीतल्या डिव्हायडरने) मोजा.

दाढीचे खुंट हवे असतील तर मेकअप स्पंजाचा तुकडा फाडून घ्या (कापलेली कड ठसा सोडते), राखाडी-निळसर पेस्टल टिपून थोपटा. वरच्या ओठावर, हनुवटीवर दाट, गालावर विरळ, खालच्या ओठाखाली दोन्ही बाजूंना मोकळी जागा. गोऱ्या रेझिनवर निळसर, सावळ्यावर तपकिरी. प्रत्येक थरानंतर हलका सीलर, पण एकूण चार-पाचाच्या वर गेलात की चेहऱ्याला खडूसारखा कोरडेपणा येतो.

वॉटरपेपर:
वरचं सगळं बरोबर, पण एक म्हणतो. पेस्टल समोरून फसवतं, बाजूने नाही. प्रोफाइलमध्ये कपाळ सपाट, नाक अपरं आणि हनुवटी मागे असेल तर कितीही सावल्या मारा, मुलगीच दिसणार. म्हणून आधी बाजूने फोटो काढून बघा. तिथे गडबड नसेल तर घासकामाच्या वाटेला जाऊ नका.

असेल तर क्रम असा. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, बारीक पोताची. एव्ह्सची अपॉक्सी स्कल्प्ट मिळाली तर उत्तम, समसमान मळायची, पूर्ण कडक व्हायला २४ तास. नळाची एम-सील लागते पण रंग गडद आणि पोत खरबरीत, बारीक कडेला तुटते. जिथे लावायची ती जागा आधी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओरखडून घ्या, गुळगुळीत रेझिनवरून वाळलेली पुट्टी टिकलीसारखी सुटून येते.

भुवईचं हाड अर्धा ते एक मिलिमीटर, बस. तीन जागा ठेवा: दोन भुवया आणि नाकाचं मूळ. नाक अपरं असेल तर शेंडा घासण्याऐवजी नाकाचा दांडा भरा. जबड्याचा कोन, कानाच्या पाळीखाली, दोन्हीकडे एकेक मिमी, आणि हनुवटीचं टोक घासून चौकोनी. दर दहा मिनिटांनी आरशात धरून बघा, डोळा सरावतो आणि एक बाजू जास्त होते.

घासायचं कायम पाण्यात. ४००, ६००, ८००, १०००, शेवटी १५००. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जायला नको, म्हणून ओलं घासतानाही मास्क, आणि चिखल सिंकमध्ये न सोडता फडक्याने पुसून कचऱ्यात. कोरीव कामात ड्रेमेल (विजेवर फिरणारं घासायचं हत्यार) लावणाऱ्यांना विनंती, चेहऱ्यावर नको. क्षणात खड्डा पडतो.

आणि हे ध्यानात ठेवा: जुनं रेझिन वरून पिवळसर झालेलं असतं, घासलेली जागा आतून फिकट निघते. पुट्टीचा रंग तर वेगळाच. म्हणजे चेहऱ्याला त्वचेच्या रंगाचा पातळ ॲक्रिलिक थर एअरब्रशने द्यावाच लागेल, आणि मग मान जुळवावी लागेल. एवढं करायची तयारी असेल तरच.

रबरी_दोर:
चेहऱ्यावर सगळ्यांचं लक्ष, मान कुणी बघत नाही. बारीक लांब मानेवर मोठं डोकं, हेच बऱ्याचदा मुलगी दिसण्याचं कारण. मानेची जाडी वाढवणं अवघड, कारण डोक्याच्या भोकातून ती जायला हवी. पण घाटी (गळ्यावरचा पुरुषी उंचवटा) काढता येते. पुट्टीची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, वरची कड धारदार, खालून विरघळलेली. मान वाकवताना हनुवटी टेकत नाही ना, ते पुट्टी ओली असतानाच तपासा. नको असेल पुट्टी, तर पेस्टलने घाटीच्या दोन्ही बाजूंनी उभी सावली.

हात बदलले तर मोठा फरक पडतो आणि खर्च डोक्याच्या मानाने कमी. त्याच कंपनीच्या मोठ्या, जाड बोटांच्या हातांची जोडी मिळते का बघा. मनगटाचा बॉल आणि रंग जुळतो का ते आधी विचारा, दोन खेपांच्या रेझिनमध्येही छटा हलते. नाही मिळाली तर आहेत त्या हातांवर नखं आखूड घासा, पेरांवर आणि सांध्यांवर तपकिरी टिपा, हाताच्या पाठीवर निळसर-हिरव्या पेन्सिलीने शिरा काढून बोटाने पुसा. नखांना रंग नाही.

दुसरं शरीर घ्यायचं ठरलं तर तीन गोष्टी: मानेचा घेर, डोक्याचं भोक, आणि रंग. ६० चं डोकं ७० सेंमीच्या दांडग्या शरीरावर ठेवलं की लिंबासारखं दिसतं.

उभं करणं. पाय खांद्याएवढे रुंद, पंजे किंचित बाहेर, वजन दोन्ही पायांवर. कंबर एका बाजूला काढून एक गुडघा वाकवला की सगळी मेहनत फुकट. कोपर शरीरापासून दोन बोटं लांब, मनगट सरळ. हनुवटी खाली, डोकं तिरकं नाही. पोझ घसरत असेल तर सांधे ताणून धरणारा आतला दोर सैल असेल: ६० सेंमीला साधारण ३-४ मिमी इलॅस्टिक लागतं. तरी घसरलं तर गुडघ्याच्या आणि खांद्याच्या खोबणीत पातळ शॅम्वा चामड्याचा गोल तुकडा चिकटवा.

शिवणटिपण:
कपड्यांचं दोन शब्दांत. बाहुलीच्या मापाला आपण कपडा लहान करतो, पण कापडाची जाडी लहान होत नाही. जाड डेनिमची पँट १/३ मापात (तुमचा ६० सेंमीचा त्याच मापाचा) नितंब आणि मांड्या फुगवते. पातळ पॉपलिन, लॉन घ्या, शिवणी ३ मिमीत कापा.

खांदा पडता ठेवायचा नाही. कोटात खांद्याला अस्तराच्या आत ३ मिमी बॅटिंगचा (भरायच्या मऊ थराचा) पॅड द्या, माणसाच्या मापात ते सेंटिमीटरभर होतं, नजरेला तेवढं लागतं. मुंढा फार खोल नको, नाहीतर हात उचलल्यावर अख्खा कोट उचलतो. छातीला टक्स नाहीत, कंबरेला शिवण आत घेऊ नका. कॉलरला पातळ फ्यूझिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर), आणि पुरुषी शर्टात डावी पट्टी उजवीवर. पँटचं आसन जरा खोल, घेर सरळ. बूट एक माप मोठे घालून आत मोजे.

धोतर नेसवायचं असेल तर तलम मलमल, साधारण सव्वा मीटर लांब आणि ४० सेंमी रुंद. माणसाच्या मापाच्या हिशेबाने जास्त निघेल, पण तेवढ्या निऱ्या पोटावर गोळा होतात. काठ विणलेला नको, बारीक रिबीन शिवा. गडद कापड दोनदा धुऊनच अंगाला लावा, नाहीतर रेझिनवर डाग बसतो आणि तो निघत नाही.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे खूप आभार. प्रोफाइल बघितलं, नाक-कपाळ ठीक आहे, त्यामुळे पुट्टी फक्त घाटीपुरती. राहिले दोन प्रश्न: पावसाळा आणि मिशी.

राखाडी_पेस्टल:
हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर असेल तर सीलर पांढुरका होऊन बसतो. साधा हायग्रोमीटर घ्या आणि आकडा बघून मारा. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये असा दिवस मिळणं कठीण, सरळ ऑक्टोबर उजाडू द्या. एसीच्या बंद खोलीत मारायची कल्पना सोडा, वाफ ज्वलनशील असते. पांढरं आलंच तर लगेच पुसू नका, कोरड्या दिवशी अगदी हलका एक हात मारला की बऱ्याचदा विरघळतं.

स्प्रेचा डबा परदेशातून मागवायचा विचार असेल तर विमानाने असे डबे सहज येत नाहीत, इथल्याच हॉबी दुकानांत चौकशी करा. एअरब्रश असेल तर लिक्विटेक्सचं मॅट व्हार्निश पातळ करून चालतं, पेस्टल मात्र त्यावर कमी धरतं.

मिशी रंगवू नका, लावा. मोहेरचे (अंगोरा बकरीच्या केसांचे) ५-६ मिमी तुकडे, पांढऱ्या गोंदात पाणी घालून, नाकाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला. आधी ओठावर सीलर हवा म्हणजे नंतर ओल्या बड्सने सोलता येते. पीळ द्यायचा तर टोकांना गोंद लावून बोटांत फिरवा आणि वाळेपर्यंत हात लावू नका.