क्यूमध्ये जागा आहे का, हे आधी विचारावं का?

मगरपट्टा_जावा:
रिव्ह्यूला आलेल्या जावा कोडमध्ये ‘रिमेनिंगकपॅसिटी (क्यूत, म्हणजे कामांच्या रांगेत, उरलेली जागा) शून्याहून जास्त असेल तर ॲड (भर)’ दिसलं की मी तो परत पाठवतो. ॲरेब्लॉकिंगक्यूत (जावातली ठरावीक क्षमतेची क्यू) एकच जागा उरलीय, दोन थ्रेडनी (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे धागे) ती एकदम पाहिली, एकाने भरली, दुसऱ्याच्या पदरात ‘क्यू फुल’चं एक्सेप्शन (एरर). क्यू थ्रेड-सेफ आहे हो, पण विचारताना लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेतला, सोडला, भरताना पुन्हा घेतला; मधल्या फटीत काहीही होतं. लक्ष्मी रोडला पार्किंगची जागा लांबून दिसते, पोचेपर्यंत दुसऱ्याची ॲक्टिव्हा लागलेली असते. ‘ऑफर’ वापरा, जागा नसली तर सरळ फॉल्स मिळतो. थांबायची तयारी असेल तर ‘पुट’. या तपासणीवर सरसकट बंदी हवी.

हिंजवडी_फेज२:
सरसकट नाही पटत. भरणारा थ्रेड एकच असेल तर जागा कमी करणारा दुसरा कोण? काढणारे कितीही असोत, त्यांनी जागा वाढतेच. म्हणजे ‘५ रिकाम्या’ हे उत्तर मिळालं की निदान ५ नक्की. बूस्ट या सी++ लायब्ररीच्या एसपीएससी (एक भरणारा, एक काढणारा) क्यूत ‘राइट_अव्हेलेबल’ (भरायला किती जागा आहे) दिलंय ते याच हिशोबाने, विचारायचं मात्र फक्त प्रोड्यूसर (भरणाऱ्या) थ्रेडने.

मगरपट्टा_जावा:
आज एक आहे. उद्या कोणीतरी पूलमधल्या भरणाऱ्या थ्रेडचा आकडा १ चा ४ करतो. टेस्ट हिरव्या राहतात आणि लोड आला की प्रॉडक्शनला फुटतं.

कर्वेनगर_पायथॉन:
पायथॉनचं डॉक्युमेंटेशनही सांगतं की ‘फुल’ने (क्यू भरलीय का?) फॉल्स दिला तरी पुढचा ‘पुट’ अडकणार नाही याची हमी नाही. तरी मी बंदीच्या विरोधात. डॅशबोर्डवर क्यू किती भरलीय ते दिसायलाच हवं, तिथे आकडा क्षणभर शिळा असला तरी चालतो.
माझी खरी अडचण वेगळीच आहे. एका ऑर्डरच्या १० ओळी, सगळ्या जाव्यात नाहीतर एकही नको. एकेक भरत गेलं तर सातवीला नकार आणि सहा आत. तेव्हा आधी विचारायचं नाही तर काय करायचं?

मगरपट्टा_जावा:
जावातल्या ‘ॲडऑल’चंही (सगळे घटक एका हाकेत भरणारं) तेच, मध्येच एक्सेप्शन येतं आणि आधीच्या ओळी आत राहतात. दहाही ओळींची एक लिस्ट करून तोच एक घटक म्हणून टाका.

हिंजवडी_फेज२:
ओळी वेगवेगळ्या वर्करकडे जाणार असतील तर लिस्ट कशी चालेल? तिथे क्यूच्या क्षमतेएवढ्या परमिटचा (परवान्यांचा) सेमाफोर, म्हणजे परवाने मोजून देणारा काउंटर, ठेवा, ‘ट्रायअक्वायर’ने (मिळाले तर घे, नाहीतर नकार) एकदम १० मागा. आणि ही जागा विचारणंच झालं ना?

मगरपट्टा_जावा:
नाही, इथे मिळालेल्या १० जागा तुमच्या नावावर राखून ठेवल्या जातात, दुसरा थ्रेड त्यात शिरू शकत नाही. मात्र सगळ्या प्रोड्यूसरनी त्याच सेमाफोरमधून जायला हवं, आणि काढणाऱ्याने घटक काढून झाल्यावरच परमिट परत करायचं.