चर्चा: गाडी दारात आली आणि पाहुणा मुक्कामाला राहीनासा झाला

गिरणाकाठ
यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण अकरा वाजता आली. आमरस-सांजोऱ्या खाल्ल्या, चारला गाडीत बसली. "पोरांचे क्लास आहेत रे." निंबाला बांधलेल्या झोक्यावर ती बसलीसुद्धा नाही.

आजी सांगायची, तिला आणायला मुराळी दमणी घेऊन जायचा. बैलांच्या घुंगरांवरून गल्लीला कळायचं, कोणाची लेक आली. आमच्या लहानपणी दमणी गेली, एसटी आली. शेवटची बस साडेपाचला. ती चुकली की पाहुणा राहिला, आणि बऱ्याचदा मुद्दाम चुकवली जायची! रात्री अंगणात खाटा पडायच्या. बांधाची भांडणं, सोयरिकी, उसनवारी, सगळं त्या खाटांवर मिटायचं. आता पाहुण्याच्या खिशात किल्ली असते. ताटावर बसल्या बसल्या तो घड्याळ बघतो.

अँबॅसिडर १९५७ पासून बनायला लागली, पण आमच्याकडे ती डॉक्टर आणि जिनिंगवाल्या शेठकडेच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, किंमत पन्नास हजाराच्या आसपास. तरी गावापर्यंत पोचायला तिला पुढची दहा-बारा वर्षं लागली. खरा पूर आला तो फायनान्सवाले दारोदार फिरायला लागल्यावर. माझं म्हणणं एवढंच की गाडीनं अंतर कमी केलं आणि माणसाची राहण्याची सबबच काढून घेतली. पटतंय का?

चुलीपुढची
नाही पटत. खाटांवर सोयरिकी जुळायच्या तेव्हा आत कोण होतं, दादा? रात्री नऊला आठ माणसांच्या कळण्याच्या भाकरी थापून बघा, मग मुक्कामी पाहुण्याचं कौतुक लिहा.

माझ्या थोरलीच्या वेळी पावसाळ्यात रात्री दीडला कळा सुरू झाल्या. तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. शेजारच्या काकांनी बोलेरो काढली, मागच्या सीटवर गोधडी टाकली, काकू माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रस्त्यातल्या फरशी पुलावर पाणी होतं. टायर बुडतो की काय म्हणून काका खाली उतरून हातात बॅटरी घेऊन पुढे चालले, नि त्यांच्या पोरानं मागून गाडी काढली. दमणीत काय झालं असतं ते मला विचारू नका.

आणि मुराळ्याचं म्हणाल, तर मी लायसन्स काढलंय. आता माहेरी जायला कोणी न्यायला यावं लागत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी मागे बसल्या, डोळे मिटून. आता त्याच "काढ गाडी" म्हणतात.

सहानंबरी
जळगावकर म्हणून एक वेगळी बाजू. जुना सहा नंबरचा हायवे, आताचा ५३, आमच्या शहराच्या मधून गेलेला. शाळा एका बाजूला, कॉलन्या दुसऱ्या बाजूला. केळीचे ट्रक, भरधाव कारवाले, आणि मधून सायकलवरची पोरं. समांतर रस्ते द्या म्हणून लोकांना आंदोलनं करावी लागली. गाडीत बसलेल्याला रस्ता लांबीनं दिसतो हो, आम्हाला तो रोज आडवा पार करायचा असतो.

काळीपिवळी
एसटीवरून तुम्ही एकदम स्वतःच्या गाडीवर उडी मारली. मधली वीसेक वर्षं आमची जीप चालली, ती कुठं गेली? मी चोपडा-अमळनेर बाजूला अकरा वर्षं चालवली. मागं समोरासमोर पाच-पाच, मधल्या सीटवर पाच, पुढं तीन आणि माझ्या उजव्या हाताला एक, दाराला लटकलेला. गिअर टाकायला आधी गुडघे बाजूला करा म्हणावं लागायचं. सरपंच, मजूर, कॉलेजची पोरगी, बोकड, सगळे एका जीपमध्ये. नियमात नव्हतं, मान्य. पण जातपात बघून बसायला जागाच नव्हती!

२०२१-२२ च्या एसटी संपात लोक आमच्याच जिवावर होते. मार्च २०२३ ला बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि जीप रिकामी झाली. विकली. राग नाही, माझी बायकोबी एसटीनंच जाते.

आहिरानी मानूस
भो, मुक्कामनं सोडा. आते गाडी नही ते पोरगी नही! माझ्या चुलत्यानं पोराच्या बायोडाट्यात लिहायला म्हणून हप्त्यावर चारचाकी घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये उभी, वर जुनी साडी पांघरलेली. हप्ता कापसाच्या पैशातून. महिन्यातून दोनदा सेल मारतात, बॅटरी उतरू नये म्हणून. सोयरीक अजून व्हायचीच आहे. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा निदान त्याच्यावर बसतो तरी.

गिरणाकाठ
चुलीपुढच्या ताई, भाकरीचा मुद्दा बिनशर्त मान्य. मी खाटेवरच होतो, चुलीकडे बघितलं नाही.

पण एक सांगतो, ते रडगाणं नाही. आमच्या गावाला मुक्कामी गाडी यायची. रात्री पारापाशी उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, सकाळी सहाला तीच तालुक्याला. कॉलेजची पोरं तिच्यावर शिकली. पूर्वी ती एक दिवस आली नाही, तर सरपंच, मास्तर आणि दोन मोठे शेतकरी दुपारपर्यंत डेपोत हजर. कारण त्यांनाही तीच बस लागायची. मग त्या चौघांच्या दारात गाड्या आल्या. पुढे बस कधी बंद झाली, हे त्यांना महिनाभर माहीतही नव्हतं. दोष आमचाच आहे, त्या चौघांत माझे वडीलही होते. बस गेली त्याहून जास्त हे लागतं की तिच्यासाठी भांडणारा माणूस बसमधून उतरून गेला.

काळीपिवळी
हे मात्र खरं बोललात.

चुलीपुढची
पटलं. माझ्या पुतणीला याच कारणानं अकरावीला होस्टेलवर ठेवलंय, पोराला असतं तर मोटारसायकल दिली असती. अर्ज लिहा. गावातल्या बायकांच्या सह्या मी गोळा करते, अर्ध्या तिकिटाचा फायदा बस आली तरच ना! डेपोत जायची तारीख ठरवा फक्त. सकाळी तालुक्याला जायला बस नाहीच, तेव्हा माझ्या गाडीत या. पुढची सीट सासूबाईंची, तुम्ही मागे बसा.