पॅरिसमधलं जुनं रेस्टॉरंट: चौघांसाठी कुठलं?

कट्टेकरी:
कॉलेजचा आमचा कट्टा सप्टेंबरात पॅरिसला जमतोय. दोघं पुण्याहून, एक लंडनहून, मी फ्रँकफर्टहून. एक तरी जेवण इतिहास असलेल्या ठिकाणी करायचंय. डोक्यात 'ल प्रोकोप' आहे, पण ते नुसतं नावावर चालतं असं एकानं घाबरवलंय. एक जण शाकाहारी (अंडं चालतं), दोघं गोमांस खात नाहीत. माणशी तीसेक युरो. सुचवा.

बगेतवाली:
प्रोकोप १६८६ सालचं. एका सिसिलियन माणसानं काढलेलं कॉफीचं दुकान. तीन वर्षांनी समोरच कॉमेदी-फ्रान्सेझ नाटक कंपनी आली आणि नटांची, लेखकांची ऊठबस सुरू झाली. पुढे व्हॉल्तेर, दिदेरो असे विचारवंत लेखकही. नेपोलियनची म्हणून दाखवतात ती टोपीही काचेत आहे. मात्र मधे ते बंदही होतं, तेव्हा 'तेव्हापासून अखंड' यावर फार जाऊ नका.

तुमच्या बजेटात मी शार्तिएला जाईन. १८९६ची खाणावळ, ग्रां बुल्वार मेट्रोजवळ. कामकरी लोकांना स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून निघालेल्या 'बुइयों'पैकी एक. दालन मात्र राजेशाही: उंच काचेचं छत, आरसे, पितळी रॅक आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नॅपकिन ठेवायचे जुने लाकडी खण. वेटर काळ्या जाकिटात पळत असतात आणि हिशेब टेबलावरच्या कागदावरच खरडतात. गर्दीत अनोळखी लोकांशेजारी बसवतील, गप्पांच्या कट्ट्याला काय फरक पडतो! तिथे आरक्षण नाही, रांग लावायची. दुपारी तीन-साडेतीनला गेलात तर रांग कमी.

शाकाहारी मित्राला व्हिनेग्रेत (तेल-व्हिनेगरचं आंबट ड्रेसिंग) घातलेले लीक (कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी), अंडं-मेयोनेज, चीज. पोट भरेल, थाट होणार नाही. बाकीच्यांना बदकाचं कॉन्फी, म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं मांस.

खवय्या_ठाणे:
लीकवर परदेशात एक जेवण? त्या मित्राची दया येते. मी तरी प्रोकोपलाच जाईन, दुपारी. ठरावीक मेनू संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतो. फक्त 'तेत द व्हो' मागवू नका, वासराचं डोकं येतं.

बगेतवाली:
आणि कांद्याचं सूप! कांदा बघून शाकाहारी मंडळी खूश होतात, पण रस बहुधा गोमांसाच्या हाडांचा असतो. दोन्हीकडे विचारूनच घ्या.

कट्टेकरी:
मग शार्तिए नक्की. प्रोकोपला नंतर नुसती कॉफी मिळेल का? आणि टिप किती? आमच्यात टीटीएमएम आहे, हिशेबावरून भांडणं होतात.

बगेतवाली:
कॉफीपुरतं बसू देतील का ते दारात विचारा, जेवणाच्या वेळी टाळतात. सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, वर एखादं-दोन नाणी ठेवली तरी चालतं. बिल टेबलाला एकच येईल, पैसे एकानं भरा, भांडणं हॉटेलवर. आणि पाणी मागताना 'उन काराफ दो' म्हणा, नळाचं फुकट मिळतं. नुसतं 'वॉटर' म्हटलंत की विकतची बाटली उघडलीच समजा.